तळेराखीण आणि तिचे चार हंस

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एक गाव होतं आणि गावापेक्षा मोठं त्याचं तळं होतं. सगळं गाव त्या तळ्यावर जगायचं. भात तळ्याच्या पाण्यावर, गुरं तळ्याच्या पाण्यावर आणि पाहुण्याच्या ताटातला मासाही तळ्यातलाच. तळ्याला लांबच लांब मातीचा बांध होता. बांध म्हटला की उंदीर, घुशी आणि खेकडे आलेच. म्हणून कुणीतरी रोज बांधावर फिरावं लागे आणि बीळ दिसलं की चिकणमातीनं बुजवावं लागे. हे काम ज्या घराकडे असे, त्याला गाव तळेराखं घर म्हणे. त्या घराला बांधाच्या टोकाशी झोपडी मिळे आणि तळ्यातले शिंगाडेही मिळत.

आता या गावची एक रीत सांगतो. लहानांनी ऐकाच, आणि थोरांनीही जांभई आवरून ऐका, कारण सगळी गोष्ट या रीतीवर उभी आहे.

कधीकाळी म्हणे तो बांध फुटला होता. तेव्हाचा तळेराखा एकटाच होता. बिचारा घसा फुटेस्तोवर ओरडला, पण गावात कुणाला ऐकू गेलं नाही आणि निम्मी शेतं वाहून गेली. तेव्हापासून पंचांनी ठरवलं, की तळं राखणाऱ्या घरात पाच आवाज हवेत. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटील चावडीच्या ओट्यावर उभा राही आणि बांधाकडे तोंड करून हाक मारी, "तळं कुणाचं होऽऽ?" बांधावरून एकेक जण उत्तर देई, "ओऽऽ!" पाटील बोटं दुमडून मोजी. पाच ओ आले, तर तळं आणखी वर्षभर त्याच घराकडे. एक जरी कमी पडला, तर झोपडी रिकामी.

आमच्या गोष्टीतल्या तळेराखिणीचं घर असंच पाच जणांचं होतं. सासू, सासरा, नवरा, दीर आणि ती. एका वर्षी तापाची साथ आली. महिन्याभरात तिनं सासू-सासरे नेले आणि पाठोपाठ नवराही नेला. दिराचं मन तिथं रमेना. तो मामाच्या गावी निघून गेला तो गेलाच. त्या दसऱ्याला पाटलानं हाक मारली नाही. "यंदा दुःखाचं वर्ष आहे, पुढच्या वर्षी बघू," एवढंच तो म्हणाला. पाटील वाईट माणूस नव्हता. फक्त रीतीपुढे त्याचं डोकं चालत नसे.

ती एकटी उरली. काम ती पूर्वीसारखंच करी. पहाटे बांधावर फेरी, दिवसभर बिळं बुजवणं, पाणी सोडायच्या मोरीपाशी अडकलेलं शेवाळ काढणं. पण ती बोलेनाशी झाली. रुसली होती असं नव्हे. झोपडीत बोलायला माणूस नव्हतं आणि गाव होतं बरंच लांब. न बोललेले शब्द आतल्या आत राहतात आणि मग हळूहळू गळ्याची वाटच बुजते. कुणी बांधावरून जाताना "काय गं, बरी आहेस ना?" असं विचारलं, तर ती नुसती मान हलवी.

गावात एक मोठं घर होतं. त्या घरच्या कारभाऱ्याचा तळ्यावर फार दिवसांपासून डोळा होता. एकदा तो मुद्दाम बांधावर आला.

"वहिनी, कशाला एकट्यानं जीव झिजवता?" तो म्हणाला. "पुढच्या दसऱ्याला पाच ओ कुठून आणणार? माझ्या घरात अकरा तोंडं आहेत, अकरा! आत्ताच बोचकं बांधलंत तर अपमान तरी टळेल."

तिला उत्तर द्यायचं होतं. पण गळ्यातून फक्त खर्र असा आवाज आला आणि कारभारी हसत निघून गेला.

माघात मीठ लादलेले बैल घेऊन एक तांडा तळ्याकाठी उतरला. तळेराखिणीनं त्यांना पाण्याचा उतार दाखवला आणि टोपलीभर शिंगाडे दिले. तांड्यात बारा गावचं पाणी प्यालेली एक म्हातारी होती. दोन दिवस ती या मुक्या बाईला पाहत होती. निघायच्या सकाळी तिनं गवतात गुंडाळलेली सहा मोठी पांढरी अंडी आणून समोर ठेवली.

"लेकी, ही हंसाची अंडी. कोंबडीखाली घाल. पण एवढं मोठं अंडं कोंबडीला उलटता यायचं नाही, ते रोज तू उलटत जा. शेवटच्या आठवड्यात वरून कोमट पाणी शिंपड. महिना झाला की पिल्लं बाहेर येतील."

तळेराखिणीनं कसाबसा आवाज काढला. "मला... काय करायचेत?"

"बोलायला."

"पाखरं बोलतात?"

"बोलत नाहीत गं. उत्तर देतात," म्हातारी म्हणाली. "बोलणारे काय, गावभर सापडतात."

तांडा गेला. तळेराखिणीनं अंडी कोंबडीखाली ठेवली. रोज उलटली, शेवटी शेवटी पाणी शिंपडलं. सहांतली दोन अंडी नासकी निघाली आणि चारांतून चार पिवळी पिल्लं बाहेर आली. कोंबडी त्या वेळी दाणे टिपायला गेली होती. पिल्लांनी डोळे उघडले तेव्हा समोर दिसली तळेराखीण. झालं! त्या घडीपासून तीच त्यांची आई. ती चुलीकडे गेली की चौघं चुलीकडे, ती बांधावर गेली की चौघं बांधावर. बिचाऱ्या कोंबडीनं चार दिवस त्यांना हाका मारल्या. मग पिल्लं पाण्यात पोहताना पाहिली आणि तिनं कपाळाला हात लावला, म्हणजे कोंबड्या ज्याला लावतात त्याला.

हंस आल्याची बातमी गावात पसरली. आपल्याकडे हंस म्हटला की लोकांना आधी काय आठवतं? दूध आणि पाणी. हंस म्हणे पाण्यातलं दूध तेवढं पितो आणि पाणी वेगळं ठेवतो. सगळं गाव बांधावर जमलं. खुद्द पाटलानं काशाच्या वाडग्यात दूध-पाणी कालवून आणलं आणि पंचांनी श्वास रोखून धरले. चौघांत एक नर होता, तो पुढे आला. त्यानं चोच बुडवली, दूध प्यायला, पाणीही प्यायला, मग दोन्ही पाय वाडग्यात घालून उभा राहिला. त्यानंतर त्यानं वाडग्यात जे केलं, ते पोरांना विचारा, ती बरोबर ओळखतील.

"हॅत्! हे कसले हंस?" कारभारी म्हणाला. "ही तर मान ताणलेली बदकं!"

गाव हसत हसत घरी गेलं. तळेराखिणीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर तिलाही ते हंस फारसे आवडले नव्हते. घाण फार करत. रागावले की फुत्कारत. पोटऱ्यांना चिमटे काढत. म्हातारीनं आपल्या गळ्यात हे काय बांधलं, असं तिला वाटे.

आणि मग एके दिवशी गंमत झाली. तिनं दारापुढे दुधीभोपळ्याचे वेल लावले होते. ती पाणी घेऊन येते तो काय, नरानं एक वेल मुळासकट उपटून तोंडात धरलेला आणि तिघी माद्या पानं ओरबाडत बसलेल्या.

"मेल्या! खाली ठेव ते!" ती ओरडली.

कुणीतरी ओरडलं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. तो तिचाच आवाज होता, कित्येक महिन्यांत न ऐकलेला. आणि ओरडून संपतं न संपतं तोच चार गळ्यांतून उत्तर आलं, कँक! कँक! कँक! कँक!

"वर तोंड करून उत्तर देता?"

कँक! कँक! कँक! कँक!

ती हसली. हसता हसता मटकन खाली बसली आणि रडली. खूप रडली. इतके दिवस झोपडीत तिचा शब्द भिंतीपर्यंत जायचा आणि तिथंच मरायचा. आज त्याला चौघांनी ओ दिला होता.

त्या दिवसापासून त्या झोपडीत बोलणं सुरू झालं. इतर गोष्टींत प्राणी माणसासारखे बोलतात. आमच्या गोष्टीतले हंस हंसांसारखेच बोलत, पण तेवढ्यावर भागत होतं. नर मान ताठ करून सगळ्यांच्या पुढे चाले, म्हणून त्याचं नाव तिनं भालदार ठेवलं. माद्यांची नावं थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीला प्रत्येक गोष्टीत खोट दिसे. मधली खादाड होती. धाकटी तळेराखिणीच्या पदराचं टोक चोचीत धरूनच चाले. बांधावर फिरताना चौघं एका रांगेत मागं येत. एकीच्या पायात काटा मोडला, तर बाकीचे तिला सोडून पाऊलभरही पुढे जात नसत. दुपारी तिघं माना पंखांत खुपसून झोपत आणि एक जण जागा राही. जो जागा असे, त्याच्याशी तळेराखीण बोले. नवऱ्याबद्दल बोले, सासूच्या हातच्या आंबिलीबद्दल बोले, दिरावर चिडे. एकदा तिला ताप भरला, तर चौघं दिवसभर उंबऱ्याला टेकून बसले. हिरवागार चारा समोर असताना एकानंही तोंड लावलं नाही. मधलीनंसुद्धा नाही.

ओरडून, रागावून, हाका मारून तिचा गळा मोकळा झाला. वैशाखापर्यंत तिची हाक तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाऊ लागली. पाऊस आला, तळं भरलं, पाऊस सरला आणि दसरा उजाडला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव चावडीपुढे जमलं. पाटील ओट्यावर चढला आणि त्यानं हाक मारली, "तळं कुणाचं होऽऽ?"

बांधावरून खणखणीत उत्तर आलं, "ओऽऽ!" लोक एकमेकांकडे पाहू लागले. ही मुकी बाई कधी बोलू लागली? तेवढ्यात भालदारानं मान उंच केली, कँक! मग थोरली, मग मधली, मग धाकटी. पाटलाची पाचही बोटं दुमडली गेली. मूठ तशीच धरून तो विचारात पडला.

"पाटील, अहो काय मोजताय?" कारभारी पुढे आला. "पाखरांचा कसला ओ? उद्या कुणी झाडावरचे कावळे मोजायला सांगेल!"

गाव खो खो हसलं. तळेराखीण बांधावरून धावत चावडीपाशी आली. तिच्या मागून रांगेनं चौघं आले.

"पाटीलबाबा, रीत पाच आवाजांची आहे. माझ्या घरात पाच आवाज आहेत," ती म्हणाली.

"पोरी, रीत माणसांच्या आवाजाची," पाटील म्हणाला. त्यालाही हसू आवरत नव्हतं आणि त्या हसण्याची त्याला थोडी लाजही वाटत होती. "माणूस तू एकटी. मी तरी काय करू?"

मग कारभाऱ्याच्या घरानं तिथल्या तिथे अकरा ओ दिले, एकापेक्षा एक मोठ्यानं. पंचांनी माना डोलावल्या. राखण उद्यापासून कारभाऱ्याच्या घराकडे आणि झोपडी आठ दिवसांत रिकामी करायची, असं ठरलं. परतताना कारभारी तिच्याजवळ थांबला.

"वहिनी, जाताना पाखरं राहू द्या इथंच. आमच्याकडे अकरा पानं मांडावी लागतात."

झोपडी गेली तर झाडाखाली राहता येतं. पण चार हंस घेऊन, पाण्यापासून दूर, तिनं जायचं कुठं? माहेरी कुणी उरलं नव्हतं. आणि ठेवून जावं तर कारभाऱ्याच्या घरची चूल पेटलेलीच होती.

कारभाऱ्याच्या घरानं बांधाच्या मधोमध मांडव घातला. पहिल्या दिवशी अकराच्या अकरा जण बांधावर फिरले. दुसऱ्या दिवशी पाच फिरले. तिसऱ्या दिवशी कारभाऱ्याच्या थोरल्या भावाला वाटलं, आज मधला जाईल. मधल्याला वाटलं, धाकटा मोकळाच आहे. धाकट्याला वाटलं, पुतणे मोठे झालेत की आता. बारभाईची शेती, काय लागणार हाती? चौथ्या आणि पाचव्या दिवशी बांधावर कुणीच फिरलं नाही. फिरली फक्त एक घूस, आणि ती मन लावून काम करत होती.

सहाव्या दिवशी दुपारी तळेराखीण बोचकं बांधत बसली होती. तिनं पाहिलं, तर चौघं हंस तळ्यात नव्हते. काठोकाठ भरलेलं तळं सोडून ते बांधाच्या पलीकडे, कोरड्या अंगाला उतरले होते आणि गवतात चोची खुपसून चिखल चाळत होते.

"एवढं तळं समोर असताना तिकडं कुठं मरायला गेलात?" ती खेकसली.

कँक! चौघांनी उत्तर दिलं आणि चिखल चाळणं चालूच ठेवलं.

तळेराखीण बोलता बोलता थबकली. चिखल? तीन आठवडे पाऊस नाही. बांधाच्या कोरड्या अंगाला चिखल आला कुठून? ती उतरून खाली गेली. गवताच्या मुळाशी बोटभर धारेनं पाणी झिरपत होतं. तिनं ते ओंजळीत धरून पाहिलं. पाणी गढूळ होतं.

बांधातून नितळ पाणी झिरपलं, तर तळेराखे घाबरत नाहीत. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. आत्ता बोटभर आहे, संध्याकाळपर्यंत हातभर होईल आणि मग बांध उरणार नाही.

इथं मी एक गोष्ट लपवणार नाही. तिच्या मनात आलं, फुटू दे. तळं आता माझं नाही. ज्यांनी हसून मला हाकललं, त्यांचीच शेतं आहेत. आलं खरं असं मनात, माणूसच होती ती. पण मग तिला बांधाखालच्या वस्तीतली घरं दिसली, अंगणात खेळणारी पोरं दिसली, पोटरीला आलेला भात दिसला. तिनं पदर खोचला आणि मांडवाकडे धाव घेतली.

मांडवात तिघं भाऊ आडवे झाले होते.

"अहो उठा, बांध गळतोय!"

"आज धाकट्याची पाळी आहे, त्याला सांगा," थोरला म्हणाला.

"माझी कशी? काल तुझी होती, तू गेला नाहीस," धाकटा म्हणाला.

"आधी हे ठरवा, की पाळ्या लावल्या कुणी!" मधला म्हणाला आणि तिघांचं भांडण जुंपलं.

तळेराखीण त्यांच्यापुढे दोन क्षणही थांबली नाही. ती बांधावर चढली आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून ओरडली, "गळतंय होऽऽ! बांध गळतोय, धावाऽऽ!"

वारा गावाकडून तोंडावर येत होता. एकटीची हाक त्यात विरून गेली असती. पण तिचा तसला आवाज हंसांनी कधी ऐकला नव्हता. भालदार पंख पसरून बांधावर आला, मागोमाग तिघी आल्या. ती ओरडली की चौघं ओरडत. ती श्वास घ्यायला थांबली, तरी चौघं थांबत नव्हते. कोंबडी ओरडली तर अंगणाला कळतं आणि कुत्रा भुंकला तर गल्लीला. हंस जीव तोडून ओरडले तर पंचक्रोशी जागी होते, हे त्या दिवशी गावाला समजलं.

शेतातली माणसं उभी राहिली. "तळेराखिणीची पाखरं ओरडताहेत," एक जण म्हणाला. "ती तर रोजच ओरडतात," दुसरा म्हणाला. "रोज ओरडतात, पण थांबतात," एक बाई म्हणाली आणि हातातलं टाकून पळत सुटली. तिला पाहून बाकीचे पळाले. बघता बघता सगळं गाव बांधावर आलं. पाटील आला, पंच आले, कारभारीही धापा टाकत आला.

"पेंढ्या आणा! चिकणमाती आणा! पोहता येणाऱ्यांनी पाण्यात उतरा!" तळेराखीण सांगू लागली, आणि कालपर्यंत हसणारं गाव तिनं म्हटलं तसं निमूटपणे करू लागलं.

पण पाण्याखाली बिळाचं तोंड सापडेना. आतून तोंड बंद केल्याशिवाय गळती थांबत नसते. पोहणारे चाचपून थकले. तळेराखीण काठाशी वाकून पाण्यावर तरंगणारी हंसांची पिसं पाहत होती. सगळी पिसं वाऱ्यानं एकीकडे चालली होती. दोनच पिसं वाऱ्याच्या उलट सरकली, एका जागी गिरक्या घेऊ लागली आणि गडप झाली.

"तिथं! तिथं बुडी मारा!"

तीन गड्यांनी बुडी मारली आणि बिळात पेंढ्या कोंबल्या. वरून चिकणमातीच्या टोपल्या पडू लागल्या. पाटलानं पागोटं काढून ठेवलं आणि टोपल्यांच्या रांगेत उभा राहिला. कारभारी कमरेपर्यंत चिखलात उभा राहून माती तुडवत होता. पलीकडे धार बारीक झाली, मग नितळ झाली, मग थांबली.

"वाचलं! तळं वाचलं!" असा एकच गलका झाला. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. तळेराखीण बांधावरच बसली, आणि धाकटी येऊन तिच्या मांडीला टेकली.

पाटलानं कारभाऱ्याकडे पाहिलं. "कारभारी, तुमच्या घरात तोंडं किती?"

"अकरा," कारभारी खाली मान घालून म्हणाला.

"मग आज एक तरी ओ का आला नाही?"

कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर चिखल होता म्हणून लाज तेवढी झाकली गेली.

"चूक तुमची आहेच, पण तुमच्याहून मोठी माझी आहे," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आपल्या वाडवडलांनी पाच आवाज मागितले, ते माणसं मोजायला नव्हे. वेळ आली की गावाला हाक ऐकू यावी म्हणून. मी बोटं मोजत बसलो आणि कारण विसरलो. पोरी, पाच ओ मी माझ्या कानांनी ऐकले होते. तळं तुझं आहे. उद्या चावडीवर येऊन मानाचा विडा घे."

तळेराखीण उठून उभी राहिली. कित्येक महिने जिच्या गळ्यातून शब्द फुटत नव्हता, ती भर गावापुढे म्हणाली, "पाटीलबाबा, विडा मी एकटी घेणार नाही. ओ पाच जणांनी दिला. आमंत्रण पाचही जणांना हवं."

कुणी हसलं नाही. पाटील म्हणाला, "पाचही जणांना."

दुसऱ्या दिवशी त्या गावानं जी मिरवणूक पाहिली, तशी राजाच्या राजधानीतही निघाली नसेल. पुढे हलगी, त्यामागे भालदार मान ताठ करून, मग थोरली, मधली, धाकटी आणि शेवटी नवं लुगडं नेसलेली तळेराखीण. बायकांनी दारात रांगोळ्या काढल्या, त्या मधलीनं जाता जाता चाखून पाहिल्या. चावडीवर पाटलानं पाच पाट मांडले होते. त्यानं तळेराखिणीला विडा दिला आणि मग खाली वाकून एकेका हंसापुढे धरला. भालदारानं पान खाल्लं आणि सुपारी पाटलाच्या पायावर टाकली. थोरलीनं विडा उलटसुलट करून पाहिला, नापसंत केला आणि कारभाऱ्याच्या धोतराला कडकडून चिमटा घेतला. कारभारी एवढा मोठ्यानं ओरडला, की सगळं गाव पोट धरून हसलं, आणि ते ऐकून शेवटी तो स्वतःही हसला.

पुढच्या माघात बांधाच्या टोकाशी कुणीतरी टोपली घेऊन उभं होतं. तो कारभारी होता.

"वहिनी, चार अंडी मिळतील का?" तो हळूच म्हणाला. "घरात अकरा तोंडं आहेत, पण मी हाक मारली तर कुणी ओ देत नाही."

तळेराखिणीनं त्याला सहा दिली, आणि कोमट पाणी कधी शिंपडायचं तेही सांगितलं.

बोध: घरात माणसं किती यावर सोबत ठरत नाही, हाकेला ओ देतो तोच खरा सोबती, मग तो दोन हातांचा असो की दोन पंखांचा.